टेंभरे साहेबांची जबान

पाऊस थांबला की टेंभरे साहेब चपला काढून हातात घेत आणि अनवाणी रस्त्यानं चालू लागत. पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, काखेत छत्री, आणि वाटेतल्या प्रत्येक डबक्यात मुद्दाम पाय. नव्या माणसाला वाटे, हा कुणी वेडसर असावा. लग्नानंतरच्या माझ्या पहिल्या पावसाळ्यात मलाही तसंच वाटलं होतं. मी सासऱ्यांना विचारलं, तर ते ओट्यावर बसल्या बसल्या हसले. "नगरपरिषदेचे ओव्हरसियर आहेत ते. गावातले रस्ते, नाल्या, सगळं त्यांच्याकडं." साहेबांनी ते ऐकलं असावं. तिथूनच ओरडले, "खड्डा पाहून नाई समजत सूनबाई, पाय टाकून समजते!"

गावाचं नाव लिहीत नाही. जिल्हा आमचा गोंदिया, गाव त्यातलंच एक छोटं शहर. साहेबांचं घर, त्यांची मुलं-सुना अजून इथं आहेत. साहेब मूळचे दवनीवाड्याकडचे, पवार समाजातले शेतकरी. घरी धानाची शेती होती. नोकरी बांधकाम विभागात, पण त्यांचं ऑफिसात बसणं क्वचितच. लोक त्यांना खुर्चीत नव्हे, रस्त्यात गाठत. कुणाच्या दारात नाली तुंबली, कुणाच्या खांबावरचा दिवा गेला, की साहेबांच्या लुनाला हात दाखवायचा. ते लुना बंद न करता ऐकून घेत आणि म्हणत, "जबान देल्ली जी. आता तुमी इसरून जा, मी ध्यानात ठेवतो." आणि खरंच ठेवत. निधी नाही, मंजुरी नाही असली वाक्यं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नाहीत.

आमच्या गल्लीत एका मुलीच्या लग्नाच्या सकाळी पाण्याची पाइपलाइन फुटली. मांडवाखाली चिखल, वऱ्हाड दुपारच्या गाडीनं येणार, नवरीचा बाप डोक्याला हात लावून बसलेला. साहेब मजूर घेऊन आले. स्वतः खड्ड्यात उतरले, कोपरापर्यंत चिखलात हात घातले. दुरुस्ती झाली, तरी चिखल राहिलाच. मग त्यांनी कुठून तरी मुरमाची ट्रॉली आणवली आणि मांडवात पसरवली. वऱ्हाड आलं तेव्हा हा माणूस धुतलेला शर्ट घालून मामासारखा दारात उभा! कुणी आभार मानले तर म्हणाले, "कायले आभार? पोरगी का तुमचीच हाय एकल्याची?"

मी नगरपरिषदेच्याच शाळेत शिक्षिका. शाळेच्या कौलांतून पाणी गळे, तेव्हापासून त्यांची-माझी ओळख वाढली. ते मला 'मास्तरीणबाई' म्हणत. नवा तांदूळ निघाला की एक पिशवी आमच्याकडे येई. आमच्या ओट्यावर माझ्या सासऱ्यांशी त्यांच्या गप्पा रंगत. घरातल्या माणसासारखे ते आम्हाला झाले होते.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला आणि थोड्याच वर्षांत आमच्या गावालाही रुंद रस्त्यांची घाई झाली. बाजारचौकापासून आमच्या मोहल्ल्यातून पुढे नाक्यापर्यंतचा रस्ता रुंद व्हायचा होता. दोन्ही बाजूंचे ओटे, पडव्या, पुढच्या खोल्या जाणार होत्या. मोहल्ल्याच्या शेवटी एका शेठची राइस मिल होती. तिची लांबलचक भिंत रस्त्यात आमच्या सगळ्यांपेक्षा पुढे आलेली. त्यामुळं लोकांचा पहिला प्रश्न तोच होता. आमचं तोडाल, मिलचं काय?

एका संध्याकाळी साहेब आमच्या ओट्यावर आले. चहा झाला. मग मला म्हणाले, "बाई, तुमी मायासंगं चला. बायका तुमचं ऐकतीन. मी एकला गेलो तं दरवाजे बंद करतीन."

"पण साहेब, मिलची भिंत?"

त्यांनी छातीवर हात ठेवला. "ते बी जाईन ना! पयले तुमचं, मंग मिलचं. रस्ता का शेठजीले पाहून वाकडा होते? जबान देऊन राहिलो बाई."

मी त्यांच्याबरोबर घरोघर गेले. जिथं ते बोलत तिथं लोक मान हलवत, आणि जिथं मान हलत नसे तिथं मी बोले. सगळ्यात अवघड घर होतं फुलवंताबाई मरसकोल्हेचं. ही दरेकशाकडची गोंड बाई, नवरा गेलेला, मूलबाळ नाही. घर म्हणजे एकामागे एक दोन खोल्या. पुढच्या खोलीत कढई मांडून ती भजी तळे, लाह्या-फुटाणे विके. रस्त्याच्या खुणेत तिची पुढची खोली पूर्ण जात होती.

"माया धंद्याची जागाच ते हाय," ती म्हणाली. "मंग मी खाऊ काय?"

साहेब तिच्या उंबऱ्यावर बसले. "चौकात नगरपरिषदेचे गाळे होऊन राहिले. पयली चाबी तुमची."

ती साहेबांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. "बाई, हे खरं हाय?"

मी म्हटलं, "साहेबांनी शब्द दिलाय, म्हणजे खरं."

लोकांना हिंमत यावी म्हणून सर्वांत आधी आमचा ओटा तोडायचं ठरलं. पहिली कुदळ पडली तेव्हा सासरे उठून आत गेले. पुढं ते मागच्या खोलीतच बसू लागले. ओटा होता तोवर येणारा-जाणारा त्यांना हाक मारून जाई, आता भेटीला कुणी मुद्दाम आत आलं तरच. महिन्याभरात मोहल्ल्यानं आपल्या हातानं आपली घरं मागं घेतली. पोलीस आले नाहीत, नोटीस आली नाही, कुणाचं भांडण नाही. फुलवंताबाईनं स्वतः आपल्या दाराची चौकट काढून मागच्या खोलीला टेकवून ठेवली.

रस्ता झाला. चौकातून निघाला, आमच्या मोहल्ल्यातून रुंद, गुळगुळीत गेला, आणि मिलच्या भिंतीपाशी येऊन पूर्वीसारखाच अरुंद झाला. ट्रक तिथं येऊन अडकत आणि रिव्हर्स घेत आमच्या दारांपर्यंत येत. दुसऱ्या टप्प्यात भिंत जाईल, असं सांगत सांगत एक पावसाळा गेला, दुसरा गेला. गाळे बांधून झाले. त्यांचा लिलाव झाला. बोली लावण्याची ऐपत फुलवंताबाईची नव्हतीच.

त्या दिवसांत साहेब एकदा आमच्याकडे आले. बसले, आणि डोळ्याला रुमाल लावला. "वरून दबाव आला बाई. मायं काई चाललं नाई. मले तोंड दाखवाची शरम वाटते."

आम्ही बायका जमलो होतो. आम्हीच त्यांची समजूत काढली. कुणी पाणी दिलं, कुणी म्हणालं, "साहेब, तुमी काय करान? वरचे लोक तसेच." फुलवंताबाई म्हणाली, "जाऊ द्या साहेब, जीवाले नोको लावून घ्या." त्यानंतर काही दिवसांनी तिनं कढई, भांडी एका पोत्यात भरली आणि दरेकशाला भावाकडे निघून गेली. मी स्टेशनवर सोडायला गेले होते. तिनं साहेबांना रामराम सांगितला होता. मी तो पोचवला.

पुढं काही वर्षांनी साहेब निवृत्त झाले. नगरपरिषदेच्या सभागृहात निरोपसमारंभ ठेवला. मोहल्ल्यातल्या बायकांनी मिळून एक शाल आणली आणि ती द्यायला, चार शब्द बोलायला मला पाठवलं. मी रात्री मनात भाषण जुळवलं होतं. लग्नातल्या चिखलाची गोष्ट सांगणार होते. माझ्या आधी त्या रस्त्याचा ठेकेदार बोलायला उभा राहिला. गोंदियाचा मोठा माणूस, हिंदीत बोलणारा, खुशीत आलेला.

"हमारे टेंभरे साहब जैसा दिमाग किसी के पास नहीं," तो म्हणाला. "पूरा मोहल्ला खाली करवाया, एक डंडा नहीं चला. कैसे? पहले मास्टरनी बाई को हाथ में लिया. बाई मान गई, तो मोहल्ला मान गया. और सेठजी की मिल की एक ईंट नहीं हिली! अरे, नक्शे में तो पहले दिन से चौड़ी सड़क मिल तक ही थी!"

सभागृह हसलं. टाळ्या वाजल्या. मी साहेबांकडे बघितलं. तेही हसत होते, गळ्यात हार, मान थोडी खाली, कौतुक झालेला माणूस हसतो तसे. मग त्यांची नजर वर आली आणि माझ्यावर पडली. हसू तसंच राहिलं, पण डोळे दुसरीकडे गेले.

माझं नाव पुकारलं. माइकसमोर गेल्यावर जुळवलेलं सगळं भाषण निसटलं. मी एवढंच म्हटलं, "आमच्या मोहल्ल्याबद्दल जे सांगायचं होतं, ते ठेकेदार साहेबांनी सांगितलं." लोकांना तो विनोद वाटला. पुन्हा टाळ्या वाजल्या. शाल तशीच हातात घेऊन मी खाली उतरले आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांच्या घरी गेले. ते अंगणात बसले होते. बायकोला चहा ठेवायला सांगितला. मी बसले नाही.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

त्यांनी बायको आत गेल्याचं पाहिलं. मग म्हणाले, "होतं."

"मग मला का सांगितलंत भिंत जाणार म्हणून?"

"तसं न सांगतो तं तुमी ओटा देल्ला असता का?" ते शांतपणे म्हणाले. "तुमी नाई म्हनले असते, तं जेसीबी आली असती. पोलीस आले असते. बायकापोरं रस्त्यावर, चौकटी तुटल्या, भांडे फुटले असते. म्या ते होऊ देल्लं नाई. म्या तुमाले वाचवलं बाई."

"आम्हाला विचारायचं तरी होतं."

"इचारून कोनता रस्ता झाला आजपावतो?"

"आणि त्या दिवशी रडलात ते?"

त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "गाळ्याचं म्या खरं बोललो होतो. फुलवंताबाईले गाळा भेटीन असं मले खरंच वाटलं होतं." मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. हाच चेहरा मी इतकी वर्षं ओळखत होते, आणि आता तो खरं बोलतो आहे की खोटं, हे मला सांगता येत नव्हतं. चहा आला. मी घेतला नाही. शाल मात्र तिथंच ठेवली. ती बायकांनी आणली होती, परत नेण्याचा हक्क माझा नव्हता.

मी मोहल्ल्यात हे सांगितलं. काहींना पटलं, काहींना नाही. एकजण म्हणाली, "ठेकेदाराच्या बोलण्यावर काऊन जाता बाई? साहेब तसे नोयते." मी त्यांच्याच तोंडून ऐकल्याचं सांगितलं, तर तिनं विषय बदलला. पुढं साहेब रस्त्यात दिसले तर मी पलीकडच्या बाजूनं जाई. ते एकदा थांबले, हात जोडले. मीही जोडले. मग मी पुढं निघाले.

काही वर्षांनी ते गेले. शोकसभेला मी गेले आणि मागं उभी राहिले. लोक एकेक उठून बोलत होते. नवरीचा बाप, आता म्हातारा, लग्नातल्या चिखलाची गोष्ट सांगताना रडला. कुणी नाली सांगितली, कुणी दिवा सांगितला. त्यातली एकही गोष्ट खोटी नव्हती. ती सगळी माणसं खरं बोलत होती, आणि त्यामुळंच मला तिथं उभं राहवेना. नुसता लबाड माणूस असता तर मी त्याला केव्हाच विसरले असते. चिखलात कोपरापर्यंत हात घालणारा आणि छातीवर हात ठेवून खोटं सांगणारा, हे दोघं एकच, ही गोष्ट मला आजही एका जागी ठेवता येत नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी गाडीनं दरेकशाला गेले. साहेब गेल्याचं फुलवंताबाईला सांगायला हवं होतं, आणि बाकीचंही. इतकी वर्षं तिला ते कुणी सांगितलं नव्हतं. स्टेशनपासून भावाचं घर जवळच होतं. ती जंगलातून पानं आणून पत्रावळी लावत होती. म्हातारी झाली होती. मला बघून आनंदली, अंगणात खाट टाकली, कोरा चहा दिला.

मी सगळं सांगितलं. नकाशा, ठेकेदार, साहेबांचं 'होतं.' ती पानाला काडी टोचत ऐकत राहिली. साहेब गेले म्हटल्यावर तिचा हात थांबला नव्हता, तो आता थांबला.

"साहेबाले मी कुठं ओरखत होती बाई?" ती म्हणाली. "नगरपरिषदेचा मानूस. मी तं तुमच्या जबानीवर खोली देल्ली."

आतून तिच्या भावजयीनं जेवायला थांबण्याचा आग्रह केला. मी गाडीची वेळ सांगितली. फुलवंताबाई मला सोडायला अंगणाच्या कुंपणापर्यंत आली, आणि तिथं थांबून तिनं विचारलं, "तुमाले ठावं नोयतं ना बाई?"

"नाही," मी म्हटलं. "देवाशपथ, नव्हतं."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. राग नव्हता, फक्त बघणं होतं. मला ते बघणं ओळखीचं वाटलं, साहेबांच्या अंगणात मी स्वतः तशीच बघत उभी होते.

"बरं," ती म्हणाली, आणि पत्रावळी लावायला परत वळली.