वालाच्या शेतातलं मैदान

चंद्रभागाबाई सकपाळ शेवटच्या धावल्या होत्या त्या लग्नाआधी, तेराव्या वर्षी. त्यानंतर एकदम एकेचाळिसाव्या वर्षी धावल्या. सत्तावन्न सालच्या दिवाळीच्या सुट्टीत, महाडला, प्राथमिक शिक्षकांच्या व्यायाम शिबिरात.

शिबिराला तीसेक मास्तर आणि बाया फक्त तीन. शिकवायला बाहेरगावाहून आलेले गृहस्थ सभ्य होते. त्यांनी बाईंच्या भरल्या अंगाकडे आणि नऊवारी लुगड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही सावलीत बसा. खेळ बघा, नियम लिहून घ्या. तेवढ्यावर प्रमाणपत्र मिळेल."

बाई दोन दिवस बसल्या आणि वही निम्मी भरली. तिसऱ्या दिवशी खो-खोला एक गडी कमी पडला, तेव्हा त्यांनी वही मिटून पिशवीत घातली, पदर खोचला आणि ओळीत जाऊन बसल्या. कुणी काही म्हणायच्या आत पाठीवर थाप पडली, "खो!" दहा पावलांवर बाई पालथ्या पडल्या. गुडघा सोलवटला. आणि उठून बसता बसता त्यांना जे हसू फुटलं ते आवरेचना. विसाव्या वर्षी नवरा गेला, तेव्हापासून आपण इतक्या मोठ्यांदा हसलोच नव्हतो, हे त्यांच्या मागाहून लक्षात आलं. रविवारी बाकीच्या दोघी त्यांना जवळच्या सव गावी घेऊन गेल्या आणि तिथल्या गरम पाण्याच्या झऱ्यात तिघींनी पाय शेकून घेतले.

त्यांची शाळा पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला एका वाडीत होती. एक खोली, त्रेचाळीस मुलं, त्यांत चौदा मुली. वेळापत्रकात रोज अर्धा तास 'शारीरिक शिक्षण' लिहिलेलं असे. त्या अर्ध्या तासात मुलगे हुतूतू खेळत आणि मुली अंगण झाडून पाणी भरत. मग धाकटं भावंड कडेवर घेऊन मुलग्यांचा खेळ बघत उभ्या राहत. हे सगळं बाईंच्याच देखरेखीखाली बारा वर्षं चाललेलं होतं. शिबिराहून परतल्यावर पहिल्यांदाच त्यांना त्याची लाज वाटली.

पण खेळायचं कुठे? अंगण सात पावलांचं. शाळेखालच्या शेतातलं भात नुकतंच कापून झालं होतं. ते शेत प्रयागबाईचं. तिचा नवरा कुशाबा मुंबईला गिरणीत, त्यामुळे शेतीचा सगळा भार तिच्यावर. बाई तिच्या ओटीवर जाऊन बसल्या आणि शेत मागितलं.

"पोरींना खेळाया?" प्रयागबाईने सूप खाली ठेवलं. "बाई, माजी शकू दोन हंडे डोईवर घेऊन चढ चढते. मोळी आनते. तिला आनखी यायाम कशाला?"

बाईंच्या वहीत व्यायामाचे सतरा फायदे लिहिलेले होते, त्यांतला एकही शकूला लागू पडेना. त्यांनी लुगड्याचा काठ जरा वर सरकवला आणि गुडघ्यावरची खपली दाखवली.

"ही खेळताना लागली. पडले आणि हसत सुटले. का, ते मला सांगता येत नाही. पण तुमच्या शकूला तीन वर्षांत मी एकदाही खदखदून हसताना पाहिलं नाही."

प्रयागबाई खपलीकडे बघत राहिली. मग तिच्याच तोंडाला पदर गेला. "या वयात पडलात व्हय?"

"चांगली तोंडघशी."

"उन्हाळ्यात राब भाजायच्या येळेपरेंत घ्या शेत," ती म्हणाली. "पन ह्येच, ल्हान. नदीकडच्या लांब शेतात मी वाल पेरनार हाय. तिकडं बघायचं नाय."

पहिल्याच दिवशी फजिती झाली. कापलेल्या भाताची धसकटं खिळ्यांसारखी उभी होती आणि पोरी अनवाणी. पाच मिनिटांत शकूच्या तळव्यातून रक्त आलं. ते बघून प्रयागबाई तरातरा बांध उतरून आली. आता संपलं, असं बाईंना वाटलं.

"अगो, खळं केल्याबिगर कुनी पोरी सोडतं का असल्या रानात?" प्रयागबाई कडाडली. "त्या शिबिरात येवढंबी शिकवलं नाय?"

खरंच शिकवलं नव्हतं. मैदान तयार असतं असंच तिथे सगळे धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी प्रयागबाई आणखी चार बायांना घेऊन आली. त्यांनी धसकटं खणून काढली, पाणी शिंपून जमीन चोपली, शेणाने सारवली आणि दोन टोकांना दोन खांब रोवले. महाडच्या मैदानावर खडे होते. इथे पाय ठेवला तर घरात ठेवल्यासारखा वाटे.

मग प्रश्न आला तो कडेवरच्या भावंडांचा. बाईंनी त्याचा निकाल लावला. एक दिवस मुलगे खेळतील, मुली भावंडं धरतील. दुसऱ्या दिवशी मुली खेळतील आणि मुलगे धरतील. मुलग्यांनी तोंडं वाकडी केली, पण बाईंपुढे कुणाची छाती होत नव्हती.

संक्रांतीच्या सुमारास कुशाबा रजेवर आला. शाळेवरून जाताना त्याला दिसलं, की आपला मोरू धाकट्या बहिणीला खांद्यावर घेऊन झोपवतोय आणि थोरली शकू परकराचा काचा मारून धावतेय. तो घरी जाऊन भडकला.

"पोरगी खेलती आन पोरगा बच्चा सांभालतो? ये क्या तमाशा हाय?"

"तमाशा कसला? पाळी हाय त्याची," प्रयागबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तुमी गिरनीत पाळी करता ना? तशी."

दुसऱ्या दिवशी कुशाबा बांधावर येऊन उभा राहिला. गिरणीच्या संघातून तो स्वतः खेळलेला होता. खेळ संपल्यावर त्याने खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं आणि बाईंना म्हणाला, "बाई, पोरी फर्स्टक्लास हायत. पन तुमचं ग्राउंड शॉर्ट हाय."

"असू दे हो," बाई म्हणाल्या. "आहे ते काय थोडं आहे?"

फेब्रुवारीत पोलादपूरला तालुक्यातल्या शाळांचे खेळ झाले. मुलींचा खो-खो त्यात पहिल्यांदाच होता. बाई नऊ मुलींना घेऊन पहाटे चालत निघाल्या. समोर आलेल्या संघापेक्षा वाडीच्या पोरी कितीतरी चपळ होत्या. डाव सुरू झाला, शकू वाऱ्यासारखी सुटली आणि पंचांची शिट्टी वाजली. खांबाला पोचायच्या आधीच ती वळली होती, आणि पाठलाग करणारीला तशी मुभा नसते. पुन्हा धावली, पुन्हा शिट्टी. एकामागून एक सगळ्याच मुली खांबाच्या चारपाच पावलं अलीकडे वळत होत्या. लहान शेतात धावून धावून पायांना तेवढंच अंतर माहीत झालं होतं. बाई बाहेरून ओरडत होत्या, "अगं, पुढे! अजून पुढे!" पण धावताना पायांना सांगायचं कसं? पोरी सपशेल हरल्या.

परतीच्या वाटेवर शकू सगळ्यांच्या पुढे एकटीच चालत होती. वाडीत पोचल्यावर बाई आधी प्रयागबाईकडे गेल्या. "पोरींची चूक नाही. चूक माझी. तुमच्या घरधन्यांनी सांगितलं होतं, मी मनावर घेतलं नाही."

प्रयागबाईने एवढंच विचारलं, "त्यांचं मैदान किती लांब हुतं?"

बाईंनी सांगितलं. ती "हं" म्हणाली आणि गोठ्यात गेली.

पुढच्या वर्षी भात कापून झाल्यावर बाई पुन्हा शेत मागायला निघाल्या, तर लहान शेतात वाल पेरून झालेला. बाई बांधावरच थबकल्या. तेवढ्यात खालून, नदीकडून, जमीन चोपल्याचा आवाज आला. लांब शेतात सहा बाया ओळीने चोपत होत्या आणि प्रयागबाई पावलं मोजत चालली होती.

"आणि तुमचा वाल?" बाईंनी विचारलं.

"व्हईल तेवढा व्हईल वरच्या शेतात. औंदा थोडा कमी खाऊ." तिने मान वर केली नाही. "मधी बोलू नका, मोजनी चुकंल."

त्या वर्षी मुली दोन गुणांनी हरल्या. त्याच्या पुढच्या वर्षी जिंकल्या. तेव्हा शकूचं लग्न ठरलं होतं, पण प्रयागबाईने व्याह्यांना निरोप धाडून तिथी आठवडाभर पुढे ढकलली होती.

चौसष्ट साली बाईंची बदली महाडला झाली. तिथे शाळेपुढे ऐसपैस मैदान होतं आणि खेळाच्या तासाला गणित चालत होतं. बाई वर्षभर हेडमास्तरांशी भांडल्या आणि आठवड्यातले दोन तास सोडवून घेतले. पन्नाशी जवळ आली तरी पदर खोचून त्या मुलींमागे धावत. पालक कुजबुजत, त्याचं त्यांना काही वाटेनासं झालं होतं.

एकदा बाजाराच्या दिवशी प्रयागबाई त्यांच्याकडे आली. पिशवीभर वाल घेऊन आली होती. चहा घेताना बाईंनी भीत भीत विचारलं, "नवे मास्तर खेळ घेतात का?"

"कसला घेतोय? त्याला कंटाळा."

बाईंचा चेहरा पडला.

"पन आमी दरसाल खळं करतो," प्रयागबाई बशी खाली ठेवत म्हणाली. "माहेराला आलेल्या लेकी खेळतात. परवा तर आमच्या शेजारच्या साळूबाईची सून खेळली, आन साळूबाई नातवाला घेऊन बांधावर बसून तिला शिव्या घालत हुती, नीट पळ म्हनून. बरं बाई, मी भांडान मिटवाया आलेय. पळनारीचा पाय रेषेच्या भाईर गेला, पन टाच आतच ऱ्हायली. बाद का नाय?"

"दुसरा पाय कुठे होता?"

"त्येच तर कुनी बघितलं नाय!"

बाईंनी खडू आणून फरशीवर रेघ ओढली. प्रयागबाई तिच्यावर उभी राहिली आणि पाय कसा होता ते दाखवू लागली. संध्याकाळची एस.टी. सुटायची वेळ झाली, तरी दोघींचं एकमत झालं नव्हतं.