ईट ते कळंब : सांजेचे दिवे आणि न उठणारी मोटार

ईटहून कळंबला हिवाळ्यात जाणार असाल तर एस.टी.नं जा, हे मी आधीच सांगून टाकते. ईटहून भूम, तिथून वाशी, मग येरमाळा आणि शेवटी कळंब, असा हा रस्ता आहे. गाड्या बदलाव्या लागतात, पण सकाळी निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत पोचतो. मला तीन दिवस लागले. आमच्या घरी स्वतःची मोटार आहे, म्हणून लागले.

कळंबच्या मुलींच्या शाळेत माझी शिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती. हुकमात लिहिलं होतं की सोमवारी सकाळी अकराच्या आत हजर व्हावं, न झाल्यास जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला दिली जाईल. आमच्या घरात शाळा पाहिलेली मी पहिली. माझे वडील अजून अंगठा उठवतात. तो हुकूम मी पिशवीत तळाशी ठेवला होता आणि तो तिथं आहे ना, हे दिवसातून वीस वेळा बघत होते. मी शुक्रवारीच एस.टी.नं जाते म्हणाले, तर नाना गरजले. नाना म्हणजे माझे थोरले चुलते, घरातला शेवटचा शब्द त्यांचा.

"घरची मोटार असताना आमची पोरगी एस.टी.त धक्के खात जाणार व्हय? लोक काय म्हणतील?"

ही मोटार नानांनी पोलीस ॲक्शननंतर एका जहागीरदाराकडून घेतली. तो हैदराबादला निघाला होता आणि त्याला ती बरोबर न्यायची नव्हती. का नव्हती, हे आम्हाला पहिल्या हिवाळ्यात कळलं. उन्हाळ्यात ती बटन दाबलं की उठते. थंडी पडली की सकाळी बटन दाबल्यावर म्हाताऱ्यासारखी कण्हते आणि गप्प होते. मग चार गडी ढकलतात. नाना म्हणतात, "तिला थंडी वाजती." म्हणून रात्री तिच्या तोंडावर घोंगडं टाकतात.

शनिवारी निघालो. मोटार चालवायला चाँदभाई, शेजारी नाना, मागं मी, माझी ट्रंक आणि भाकरीचं गाठोडं. निघताना काकूनं मला बाजूला घेतलं. मोटार घरी आली त्या दिवसापासून काकूचा नेम आहे की दिवेलागणीला देवापुढं दिवा लागला की मोटारीचेही दोन दिवे लावायचे आणि सांजेचं शुभंकरोती म्हणून होईपर्यंत ठेवायचे. मोटार ही लक्ष्मी, तिला तिन्हीसांजेला अंधारात ठेवू नये. हे काम कायम माझ्याकडे होतं.

"वाटंत चुकवू नगंस," काकू म्हणाली. "नोकरीचं काम हाय."

मी चुकवणाऱ्यातली नाही. हाच तर माझा दोष.

ईट ते भूम रस्ता बरा आहे, फक्त ओढ्यांच्या पात्रातली वाळू तेवढी जपावी. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याच्या वर आली होती आणि करडई टोचायला लागली होती. दर दोन मैलांवर नाना मोटार थांबवत आणि ओळखीच्या माणसाला सांगत, "पुतणीला मास्तरीण करायला नेतोय." मला आधी बरं वाटलं. पाचव्यांदा थांबलो तेव्हा घड्याळ बघायला लागले. भूमला पोचायला तीन वाजले. पुढं जाऊ असं मी म्हणाले, तर आत्याकडे मुक्काम आधीच ठरलेला होता. भूमला पेट्रोल डब्यातनं मिळतं, भरून घ्यावं, पुढं भरवसा नाही. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा पंधरा नव्या पैशांत, भजी ताजी.

दिवेलागणीला मी अंगणात जाऊन मोटारीचे दिवे लावले आणि हात जोडून उभी राहिले. नानांनी शेजारीपाजारी बोलावले. "बघा, लाइट बघा कशी हाय!" लोक बघत होते म्हणून त्यांनी मला बंद करू दिले नाहीत. अर्धा तास तरी ते जळत होते.

रविवारी सकाळी सगळं भूम धुक्यात होतं. मोटार कण्हली आणि गप्प झाली. ज्यानं जन्मात मोटार चालवली नाही असा प्रत्येक माणूस वैद्य झाला. एकानं सांगितलं, पेट्रोल गोठलंय. दुसऱ्यानं ऊन पाण्याच्या दोन घागरी आणवल्या आणि पुढच्या नळकांड्यात ओतायला लावल्या. तिसरा तुरकाट्यांचा भारा घेऊन आला आणि मोटारीखाली जाळ करायला बसला.

"अरे नक्को! पेट्रोल है उसमें!" चाँदभाईंनी त्याच्या हातातली काडेपेटी हिसकावली. "मोटार है, हुर्डा नही!"

चाँदभाई पुढून इंजिन फिरवायचं हँडल मारत होते. तिसऱ्या फेरीला हँडल उलटं फिरलं आणि त्यांच्या मनगटावर बसलं. तेवढ्यात आत्या मीठ-मोहऱ्या घेऊन आली, मोटारीवरून उतरवल्या आणि माझ्याकडे बघून नानांना म्हणाली, "दादा, शनवारी पोरीबाळीला घिऊन निघावं का? शिकलेल्या पोरीचा पायगुण लई जड असतोय."

मला वाटलं, नाना काहीतरी बोलतील. नाना म्हणाले, "म्हंजी तसं न्हाय, पन..."

'पन' म्हणजे काय? आठ वर्षं कंदिलाखाली बसून मी जे शिकले त्याचा पायगुण? रागापेक्षा भीती जास्त होती, कारण मनात कुठंतरी मलाही वाटलं की खरं असेल.

दहाला मोटार ढकलून सुरू झाली. वाशीपर्यंत चढउतार आहे, खडी उघडी पडली आहे, आणि ट्रंकेवर डोकं आपटून घ्यायचं नसेल तर मधे बसावं. वाशीत भाकरी सोडली. हिरव्या मिरचीचा ठेचा आणि गार पिठलं. तिथून कळंब दोन-अडीच तासांवर होतं. पण नानांना येरमाळ्याच्या देवीला जायचं होतं. आज जाऊन शाळा बघून ठेवू असं मी म्हणाले, तर नाना म्हणाले, "देवीला डावलून नोकरी टिकंल का?" दर्शन झालं, आणि ओळखीच्या पुजाऱ्यांकडे मुक्काम पडला. डोंगरावरून दिसणारा मुलूख फार देखणा आहे, एवढं प्रामाणिकपणे लिहायला हवं. मी तो बघितला, पण माझं लक्ष सूर्य किती खाली गेला याकडेच होतं.

दिवेलागण झाली. सकाळी आत्या जे बोलली ते माझ्या डोक्यात होतं. मी मोटारीचे दिवे लावले आणि सांजेचं एकदा म्हणायचं ते अकरा वेळा म्हटलं. मधे चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. उद्या ही उठू दे, माझा पायगुण जड नसू दे, एवढंच मागत होते. शेवटी शेवटी दिवे लालसर दिसायला लागले. मला वाटलं, धुकं उतरलंय.

सोमवारी सहाला चाँदभाईंनी बटन दाबलं. कण्हणंसुद्धा नाही. नुसतं खट्.

नाना डोक्याला हात लावून पायरीवर बसले. पुजाऱ्यांकडची माणसं जमली. चाँदभाईंनी सगळ्यांना मागं हटवलं आणि मला म्हणाले, "बेटी, तू शिकलेली आहेस. माझ्यासंगं बघ. येकेक गोष्ट बघत जाऊ. बाकीचे नुसते बोंबलतेत."

त्यांनी पेट्रोलची नळी सोडून दाखवली. येत होतं. प्लग काढले, कापडानं पुसले. कोरडे होते. चोकची तार मी आत बसून ओढली, तिकडे झडप नीट मिटत होती. मग त्यांनी मला पुढं उभं केलं आणि दिव्याचं बटन ओढलं. काचेच्या आत विझत्या विडीएवढा लाल ठिपका दिसला, दुसरं काही नाही.

"हे बघ. बॅटरी मेली," चाँदभाई म्हणाले. "थंडीत आधीच कमजोर, जुनी. पन दिवसभर चालली की थोडी भरती. मग रातीत कोन पितंय तिला? घरीबी हेच. मला समजंना झालंय."

चाँदभाईंना समजणार कसं? ते दिवेलागणीच्या वेळी रोज मगरिबच्या नमाजाला गेलेले असतात. मी दिवे लावलेले त्यांनी कधीच पाहिले नव्हते.

मागून नाना कोणाला तरी सांगत होते, "आता बहीण म्हनली ते खोटं कसं म्हनू? पोरीला गाडीत घेतलं आन् हे सुरू झालं."

मी गप्प बसले असते तर कोणालाच कळलं नसतं. पण मग पुढच्या हिवाळ्यातही मोटार उठली नसती, चाँदभाईंच्या मनगटावर हँडल बसत राहिलं असतं, आणि पायगुण माझाच राहिला असता. मी सांगितलं. रोज सांजेला दिवे लावते, काल अकरा वेळा म्हणून होईपर्यंत लावले होते, सगळं.

चाँदभाईंनी कपाळावर हात मारला. नंतर हसले. "या अल्ला. तू दुआ मागत होतीस, आन् ती तिकडं मरत होती."

नाना उठून उभे राहिले. "बघा! मी म्हनलं नव्हतं? पोरीमुळंच!"

परवा भूमला लोकांना बोलावून दिवे दाखवले ते कोणी? मी बंद करायला गेले तर "ऱ्हाऊ दे" म्हणालं कोण? घरी रोज ओट्यावर तक्क्याला टेकून त्या उजेडाकडे बघत बसतं कोण? काकूचा नेम, नानांची हौस, आणि नाव माझं. मी हे सगळं बोलले, मोठ्यानं, परक्या माणसांसमोर. नाना लहान मुलासारखे माझ्याकडे बघत राहिले.

"लई बोलाय लागलीस," एवढंच म्हणाले.

"कळंबची गाडी कितीला आहे?" मी पुजाऱ्यांना विचारलं.

"साडेआठ."

"एकटी जाणार?" नानांनी विचारलं.

मी आयुष्यात एकटी कुठं गेले नव्हते. "हो," म्हणाले आणि पिशवीत हात घालून हुकूम चाचपला. चाँदभाईंनी ट्रंक स्टँडवर आणून दिली.

येरमाळा ते कळंब रस्ता सपाट आणि चांगला आहे. एस.टी.त गर्दी होती, एका बाईनं मांडीवरचं कोंबडीचं डालगं सरकवून मला जागा दिली. मी घड्याळाशिवाय कशाकडेच बघितलं नाही, तेव्हा देखाव्याबद्दल लिहू शकत नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी मी शाळेच्या हजेरीपटावर सही केली. आमच्या घराण्यातली कुठल्याही कचेरीतली ती पहिली सही. ती थोडी तिरकी आली, कारण हात गारठला होता.

दोनच्या सुमाराला नाना मोटार घेऊन शाळेत आले. हार घेऊन. उतारावर ढकलून सुरू केली होती. मुख्याध्यापिकेला हसत म्हणाले, "पुतणीला स्वतः मोटारीनं आणून सोडली बघा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सहीची वेळ दाखवली नाही. आज वाटतं, दाखवायला हवी होती.

संक्रांतीला ईटला आले. गावभर एकच गोष्ट पसरली होती : सुलीनं, म्हणजे मी, मोटारीची बॅटरी खाल्ली. तिळगूळ देणारी बाईही हसून विचारायची. दिवेलागणीला काकू म्हणाली, "लाव दिवे."

मी निरांजन लावलं आणि मोटारीपासून चार हात लांब, ओट्याच्या कडेला ठेवलं, कारण पेट्रोलजवळ ज्योत नेऊ नये. काकूनं थोडं तोंड वाकडं केलं, मग म्हणाली, "लक्ष्मीला काय, उजेड दिसला म्हंजी झालं." चाँदभाईंनी बॅटरी बार्शीहून भरून आणली होती.

तुमच्याकडे अशी जुनी मोटार असेल तर घोंगडं, ऊन पाणी, मीठ-मोहऱ्या सगळं राहू द्या. संध्याकाळी दिव्याचं बटन बंद आहे ना, ते एकदा बघा. तीन दिवसांच्या प्रवासातून मला एवढी माहिती मिळाली. रागही राहिला आहे. तो कमी होईल असं सगळे म्हणतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळंबला परतायचं होतं. कडाक्याची थंडी होती. मी मागं बसले. चाँदभाईंनी बटन दाबलं आणि मोटार पहिल्या झटक्यात उठली.

"बघा!" नाना टाळी वाजवून म्हणाले. "नोकरी लागली आन् पोरीचा पायगुण फिरला!"

चाँदभाई आरशातनं माझ्याकडे बघत होते.

"नाना," मी म्हणाले, "बॅटरी म्हणा."

"काय?"

"पायगुण नाही. बॅटरी. एकदा म्हणा."

नाना हसले. मग मी हसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं. "सकाळच्या पारी काय लावलंस? बसतीस का न्हाय नीट?"

मी दार उघडलं, पिशवी घेतली आणि स्टँडकडे चालायला लागले. मागं इंजिन छान चालू होतं.