सविताचे नऊ फोटो

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. सख्ख्या मैत्रिणीपाशी नाही, देवापुढेही नाही. आज तुम्हाला सांगते आहे — का सांगते, तेही मला नीट ठाऊक नाही.

आमच्या शहराच्या शनवारा भागात माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम, पासपोर्टचे फोटो, नेहमीचंच काम. पण लोक माझं नाव विचारत येतात ते रंगासाठी. शालू फोटोत भडक लाल आला आणि घरच्यांना मरून हवा, तर मी कॉम्प्युटरवर फक्त तेवढाच रंग बदलून देते. बाकीचा फोटो जागचा हलत नाही. कोणाला कळतसुद्धा नाही. त्याच हाताने मी — थांबा, आधी सविताचं सांगते.

सविता माझी भावजय. दापोरा गावची, केळीच्या शेतकऱ्याची मुलगी. माझा धाकटा भाऊ विजू तिला मारायचा. ‘मारायचा’ हा शब्द फारच सपक झाला. तो मिक्सरची वायर दुहेरी करायचा. आमचं घर एकच, मी शेजारच्या खोलीत असायची. वायर हवेत फिरली की एक आवाज येतो आणि अंगावर बसली की दुसरा — हा फरक मला कळतो, म्हणजे मी किती वेळा ऐकलं असेल? आणि किती वेळा उठले? एकदाही नाही.

एकदा ती न विचारता माहेरी जाऊन आली. विजूने तिला केस धरून दाराच्या चौकटीवर आपटलं, तिचा फोन फोडला आणि मग वायर काढली. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर सविता स्टुडिओत आली. आत येऊन तिने शटर अर्धं ओढलं.

“ताई, माझे फोटो काढा. गावी माझ्यासाठी पंचांची बैठक बसणार आहे, पण हे मला जाऊ देणार नाहीत. फोटो बघितले तर बाबा मला घेऊन जातील. परवा येतील ते, त्यांच्याच हातात द्या.”

मी नऊ फोटो काढले. डावा डोळा मिटलेला, जांभळा. गळ्यावर चार बोटांचे वळ. गालावर वाळलेलं रक्त. पाठ तर — पाठीवर बोट टेकवायलाही जागा नव्हती. ब्लाउज घालताना ती कण्हली आणि मलाच म्हणाली, “तुम्ही आहात म्हणून बरं.”

ती गेली. मी कॉम्प्युटरसमोर बसले.

विजूने मला काही सांगितलं नव्हतं. त्याला या फोटोंचा पत्ताच नव्हता. कोणीच काही सांगितलं नव्हतं. मला फक्त दारात पोलीस दिसत होते, विजूच्या हातात बेड्या दिसत होत्या आणि सगळा शनवारा माझ्या दुकानाकडे बघतोय असं दिसत होतं.

मी जांभळा रंग निवडला आणि तो गव्हाळ केला. मग लाल. लाल उतरवताना तिच्या कपाळावरचं कुंकूही फिकं व्हायला लागलं, तेव्हा माझा हात थांबला. लाज वाटली म्हणून नाही हं — कुंकवाभोवती रेघ आखून मी ते वाचवलं, आणि मग गालावरचं रक्त पुसलं. अगदी साफही केलं नाही. थोडा पिवळेपणा राहू दिला, खरं वाटावं म्हणून. इतकं माझं डोकं चालत होतं! सुजलेला डोळा आता नुसता रडून सुजल्यासारखा दिसत होता. मूळ फोटो मी डिलीट केले.

तिचे वडील आले. काउंटरवर उभ्या उभ्या त्यांनी एकेक फोटो पाहिला, पुन्हा पाहिला.

“एवढंच का, ताई?”

“एवढंच होतं, काका.”

त्यांचा चेहरा केवढा हलका झाला! त्यांना खरंच आनंद झाला होता. मी त्यांना चहा पाजला.

गावच्या बैठकीत ते फोटो फिरले. आठवड्याने ते आपल्या थोरल्या भावाला घेऊन आमच्या घरी आले, लेकीला न्यायला नव्हे, समजूत घालायला. थोरले विजूला म्हणाले, “जावईबापू, फोटोत तसं काही नाही, पण जरा सांभाळून घेत जा.”

विजूने विचारलं, “कसले फोटो?”

पाहुणे गेल्यावर तो स्वयंपाकघरात शिरला. चिडला की तो हिंदीवर यायचा. “मेरी बदनामी करती है? फोटो काढते?” त्याने तिचं तोंड ओट्याच्या कडेवर आपटलं. मी भिंतीपलीकडे होते. एक आवाज, मग दुसरा. तिसरा ओला होता. मग मी दार उघडलं. ओट्यावरून रक्त खाली फरशीवर गळत होतं, आणि विजू नळाखाली हात धूत होता.

पोलिसांना मी सांगितलं, पाय घसरून पडली. सवितानेही तेच सांगितलं — मी आधी बोलले होते, मग ती काय वेगळं सांगणार?

तिचा डावा डोळा गेला. दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले होते. पट्टीखालून, फार सावकाश, तिने विचारलं, “ताई, फोटोत का नाही आलं हो ते?”

“उजेड कमी पडला असेल.”

ती म्हणाली, “असेल. तुमचा काय दोष त्यात.”

ती आता दापोऱ्यात, वडिलांकडे असते. विजू माझ्याच घरात राहतो. रोज मी त्याला वाढते.

उजेड कमी नव्हता. भर दुपार होती, आणि स्टुडिओतले दोन्ही मोठे दिवे मी माझ्या हाताने लावले होते.