पिकपचा आवाज

आमची कारभारीण वारली, त्याच्या आदल्या सकाळी आम्ही दोघांनी मिळून डेअरीच्या पिकपवाल्याला शिव्या घातल्या.

त्यानं केजच्या गॅरेजात सायलेन्सर काढून गाडीला नुसता पाईप जोडून घेतला होता. दुष्काळात गाडीत दुधाचे कॅन दोनच, पण गर्जना टँकरची. इंजिन बंद केलं तरी तो वरडूनच बोलायचा, "मावशी, आवाज कसा हाय?" ती म्हणायची, "मुडद्या, म्हैस बिचकंल!" म्हैस बिचकली न्हाई. वेशीवर तो आवाज आला की पान्हा सोडायला शिकली.

तेराव्यानंतर मी पहिल्यांदाच धारेला बसलो. म्हशीनं पान्हा चोरला. एवढ्यात पिकप गुपचूप दारात. पठ्ठ्यानं सायलेन्सर परत बसवला होता. जन्मात पहिल्यांदा हळू बोलला, "काका, मावशीला आवाज सोसत नव्हता."

मी कोरडी बादली दाखवली. "दुखवटा तुझा, अन् उपाशी मी कामून रं? पाईप लाव परत."

दुसऱ्या दिवशी सकाळी वेशीपासूनच गर्जना आली. म्हशीनं पान्हा सोडला. त्यानं दारात गाडी बंद केली आणि खाली मान घालून शिव्या खायला उभा राहिला. मी दोघांच्या वाट्याच्या घातल्या.