अर्ध्या इंचाचा फरक

तिला सगळे टेलरबाई म्हणत. एखादीच्या अंगाला तिचा टेप एकदा लागला की ते माप वर्षानुवर्षं तिच्या डोक्यात राही. म्हणून आपल्या छातीची डावी बाजू अर्धा इंच वाढल्याचं तिला लगेच कळलं. पण ती डॉक्टरकडे गेली नाही. तिने आपल्या ब्लाउजची डावी शिवण उसवली, आतलं कापड सोडलं आणि पुन्हा टीप मारली. असं तीनदा केलं.

चौथ्यांदा सोडायला कापड उरलं नाही. तोवर स्तनातली गाठ फुटून अस्तराला पिवळा डाग पडला होता.

जवळच्या डॉक्टरांनी गळू समजून चीर दिली. महिना उलटला तरी जखम भरेना, पाणी झिरपतच राहिलं. काखेतही गाठी लागल्या, तेव्हा त्यांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. तिथल्या सर्जनबाईंनी जाड सुईने तुकडा काढला.

"कॅन्सर निघाला, तर स्तन काढावा लागेल."

बाहेर बाकावर धाकटी जाऊ बसली होती. "रडा की हो जाऊबाई, मी केव्हाची रुमाल काढून बसलेय."

"तूच रड. तुला सराव आहे."

रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. तेवढ्या दिवसांत तिने अकरा ब्लाउज शिवले, एकही चुकला नाही. आंघोळीला बसली की डाव्या अंगावर ती दुसऱ्याच्या भांड्यावर ओतावं तसं पाणी ओती. मनातून ते अंग तिने देऊन टाकलं होतं.

"कॅन्सर नाही," सर्जनबाई म्हणाल्या. "टीबी आहे, स्तनाचा. पूमध्येही जंतू सापडलेत."

"पण मला खोकला नाही."

"फुप्फुसं स्वच्छ आहेत तुमची. टीबी कुठेही घर करतो. सहा महिने गोळ्या घ्यायच्या, एकही दिवस चुकवायचा नाही. स्तन काढायची गरज नाही."

जाऊचा रुमाल अखेर भिजला. टेलरबाईंनी विचारलं, "गोळी जेवणाआधी की नंतर?"

गोळ्यांनी लघवी केशरी झाली, तोंडाची चव गेली. दोन महिन्यांनी जखम मिटली, तिथे ओढल्यासारखा खड्डा राहिला.

"आता पुरे की गोळ्या," जाऊ म्हणाली.

"वरून मिटलंय. आतलं मला कुठे दिसतंय?"

सहावा महिना संपला तेव्हा सर्जनबाईंनी बोटांनी दाबून पाहिलं. "दुखतं?"

"नाही."

"इथे?"

"नाही."

दुखत नव्हतं की कळत नव्हतं, हे तिने स्वतःलाही विचारलं नाही.

"छान. बऱ्या झालात तुम्ही."

बाहेर नवरा पिशवी धरून उभा होता. "काय म्हणाल्या?"

"बरी झाले. अंग राहिलं," ती म्हणाली. "पण दुसऱ्याच कुणाचं तरी राहिलंय असं वाटतंय, एवढंच."

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.