घंगाळातला पाहुणा

उज्जैनला समुद्र नाही. हे मला लहानपणापासून माहीत होतं आणि त्याबद्दल माझी कधी तक्रारही नव्हती. क्षिप्रा आहे, रामघाट आहे, डुबकी मारायला माणसाला आणखी काय लागतं? पण माझी बायको वसुधा शाळेतून रिटायर झाली आणि तिनं आमच्या दिवाणखान्यात समुद्र बनवला!

बनवला म्हणजे अक्षरशः बनवला. फिल्टरच्या पाण्यात पिशवीतलं खास मीठ घालायचं, पंपानं दिवसभर घुसळायचं, मीटर बुडवून खारटपणा मोजायचा. मग इतर बायका "झाली आमटी" म्हणतात त्या सुरात ही बादलीकडे बघून म्हणायची, "झाला समुद्र." मी सारा जन्म बँकेत काढला, पुष्कळ चमत्कारिक माणसं पाहिली, पण बादलीत समुद्र होताना पाहिला की आजही माझं तोंड उघडं राहतं.

त्या समुद्रात जिवंत प्रवाळ आहे आणि बंडोपंत आहेत. बंडोपंत म्हणजे केशरी अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा, बोटभर लांबीचा मासा. वसुधा टाकीजवळ गेली की ते धावत काचेपाशी येतात. (मी गेलो की प्रवाळामागे जातात.) गेली चार वर्षं त्यांच्या सोबतीला एक निळा टँग मासा आणायचा तिचा विचार होता. गेल्या महिन्यात इंदूरच्या दुकानदारानं फोन केला आणि ती तो मासा पिशवीत घालून, पिशवी मांडीवर घेऊन बसमधून आली.

मी पिशवीत डोकावलो. इतका निळा रंग मी आयुष्यात पाहिला नव्हता! अंगावर काळी वळणदार रेघ, पिवळी शेपटी. देवानं एवढी मेहनत समुद्राच्या तळाशी, जिथं कोणी बघणार नाही तिथं कशाला करून ठेवली असेल, कोण जाणे.

पण त्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखे पांढरे ठिपके होते.

"बीमार आहे," वसुधा म्हणाली. "ठिपक्यांचा रोग. हा आता महिनाभर वेगळा राहील. मोठ्या टाकीत गेला तर बंडोपंतपण गेले समजा."

वेगळा म्हणजे कुठे? तर मागच्या खोलीत, एका उघड्याबोडक्या काचेच्या टाकीत! ना वाळू, ना प्रवाळ. लपायला काय, तर प्लंबरकडून आणलेला नळाचा प्लास्टिकचा तुकडा. आमचे पूर्वज दरबाराच्या पाहुणचाराच्या खात्यात होते. आलेल्या माणसाला पाटाशिवाय बसवलं तर आमच्या घराण्यात आठवडाभर कोणी मान वर करत नसे. आणि इथं हा समुद्रातून आलेला पाहुणा नळाच्या पाइपात राहणार?

"अगं, शोभतं का हे आपल्याला?" मी म्हणालो.

"अहो, वाळूत रोगाचे कण राहतात. प्रवाळ औषधानं मरतं. तुम्ही दिमाग नका चालवू."

औषध म्हणजे तांब्याचं होतं. निळसर द्राव, रोज थेंब मोजून घालायचा. मग नळीत पाणी घेऊन त्यात दुसरे थेंब टाकायचे आणि आलेला रंग कार्डावरच्या रंगांशी ताडून पाहायचा. तांबं कमी पडलं तर रोग मरत नाही, जास्त झालं तर मासाच मरतो. आठ दिवस तिनं हे असं केलं की मला तिची भीतीच वाटायला लागली. ठिपके निम्म्यावर आले.

नवव्या दिवशी तिला ग्वाल्हेरला जावं लागलं. धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. सकाळच्या गाडीत बसण्यापूर्वी तिनं मला तीनदा बजावलं, "आजचं औषध मी घालून चाल्ले. तुम्ही फक्त बघायचं. बघायचं म्हणजे डोळ्यांनी!"

मी तासभर डोळ्यांनी बघितलं. तेवढ्यात शेजारचे चौबे पंडितजी आले. ते रामघाटावर पूजा सांगतात, आणि सकाळचे यजमान आटोपले की आमच्याकडे चहाला येतात.

"भिया, यह कैसी सेवा है? मेहमान को पाइप में रखा है?" ते म्हणाले.

"इलाज चालू है पंडितजी. तांबे की दवाई देते हैं."

"तांबा?" पंडितजींनी कप खाली ठेवला. "तो बूँद-बूँद क्यों? आपके यहाँ तो इतना बड़ा तांबे का बर्तन पड़ा है!"

आणि त्या क्षणी मला घंगाळ दिसलं.

आमचं घंगाळ! पिढ्यान्‌पिढ्या नवरदेवाला, जावयाला, मानाच्या पाहुण्याला ज्यातल्या पाण्यानं आंघोळ घातली ते कडीचं तांब्याचं घंगाळ. औषधच तांबं असेल, तर थेंब कशाला मोजायचे? पाहुण्याला तांब्यातच उतरवू! इलाजही होईल आणि मानही राहील. वसुधाला हे आठ दिवस सुचलं कसं नाही, याचं मला खरोखर नवल वाटलं. (शाळेत ती विज्ञान शिकवायची. मुलांची मला दया आली.)

मी चिंच लावून घंगाळ घासलं. ते सूर्यासारखं लखलखलं. मग त्यात टाकीतलं पाणी भरलं आणि जाळीनं पाहुण्याला अलगद आत सोडलं.

काय सांगू! लालसर सोन्याच्या त्या उजेडात तो निळा मासा फिरला आणि आम्ही दोघं म्हातारे हात जोडून उभे राहिलो. पंडितजी म्हणाले, "भिया, साक्षात दर्शन हो गए." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कुठला समुद्र, कुठलं उज्जैन, आणि हा जीव आमच्या घंगाळात!

मग मला वाटलं, टाकी रिकामी आहेच तर वसुधासाठी चकचकीत करून ठेवू. उरलेलं पाणी मी तुळशीला घातलं (ती पुढं आठवड्यात गेली) आणि टाकी भांड्यांच्या साबणानं खसाखसा धुतली. आणि मग मी तो पराक्रम केला ज्यानं माशाचा जीव वाचला: घंगाळातल्या माशाचा फोटो काढून मी तो वसुधाला पाठवला. खाली लिहिलं, "चिंचेनं घासलेल्या घंगाळात शाही स्नान."

दहा सेकंदांत फोन आला. मागे गाडीचा खडखडाट.

"अहो! बाहेर काढा त्याला! आत्ताच्या आत्ता!"

"कुणाला?"

"माशाला! तांबं विरघळून राहिलं पाण्यात! मिठाचं पाणी आहे ते, वरून तुम्ही चिंच—" आणि नेटवर्क गेलं.

मी घंगाळात पाहिलं. पाहुणा कडेला कलंडला होता. कल्ल्यांची भराभर उघडझाप चालली होती. मी नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. जो निळा रंग आला तो कार्डावर नव्हताच! कार्ड बनवणाऱ्याच्या कल्पनेतसुद्धा माझ्यासारखा माणूस आला नसणार.

"पंडितजी, पानी चाहिए! खारा!"

"नमक डाल दूँ?" पंडितजी स्वयंपाकघराकडे धावले.

"नहीं! कुछ मत डालो!"

पुन्हा फोन. या वेळी वसुधाचा आवाज एकदम थंड होता. तसा तो असला की मी फार घाबरतो. "नीट ऐका. मोठ्या टाकीतलं पाणी घ्या. स्वच्छ प्लास्टिकच्या भांड्यात. मोठ्या टाकीत तुमचा हात घालायचा नाही, तांब्याला लागलेलं काही घालायचं नाही. एक थेंब गेला तर प्रवाळ संपलं. कपाटात नवी नळी आहे. तोंडानं ओढा."

काचेची टाकी साबणानं माखलेली होती. प्लास्टिकचं स्वच्छ भांडं म्हणजे तांदळाचा डबा! मी पाच किलो तांदूळ गादीवर ओतले, डबा नुसत्या पाण्यानं धुतला, नळीचं टोक मोठ्या टाकीत सोडलं आणि ओढलं. जरा जास्तच ओढलं. उज्जैनमध्ये बसून समुद्र पिणारा मी पहिलाच माणूस असेन! खोकत, ठसकत मी नळी डब्यात धरली. पंडितजी बाजूला डोळे मिटून मंत्र म्हणत होते. कोणता ते मी विचारलं नाही. त्यांना अंत्यविधीचेच मंत्र जास्त पाठ आहेत.

पाहुणा डब्यात गेला. आडवाच पडला. हवेचा पंप लावला. फोन चालूच होता.

"कल्ले मोजा," वसुधा म्हणाली. "एका मिनिटात किती?"

मोजले. फार होते. "लिहून ठेवा. टाकीच्या खाली वही आहे. दर पंधरा मिनिटांनी."

मी वही उघडली. आठ दिवसांचा प्रत्येक तास तिनं त्यात लिहिला होता. श्वास किती, ठिपके किती, डाव्या बाजूला किती, उजव्या किती. एका ठिकाणी होतं, "आज पाइपातून बाहेर आला. माझ्याकडे बघितलं." आणि पुढं, "चार वर्षं वाट बघितली. हा जगायला हवा."

छत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई एखाद्या गोष्टीसाठी इतकी हट्टानं, इतकी शांतपणे जीव लावू शकते, हे मला एका माशाच्या वहीत कळलं. मला लाज वाटली. त्याहून जास्त, मी थक्क झालो. ज्याला मी पाइप म्हणून नाक मुरडलं होतं तोच खरा पाहुणचार होता. आमच्या साऱ्या दरबारी घराण्याला असा जमला नसता.

मग मी गुडघे टेकून डब्यासमोर बसलो आणि मोजत राहिलो. पंडितजींनी दुपारचे यजमान सोडले आणि माझ्या शेजारी फतकल मारली. आकडा उतरेना. "भिया, एक सौ अठ्ठावन," ते कुजबुजायचे. मी लिहायचो. मग एकशे पन्नास झाला. मग एकशे चाळीस. आणि चारच्या सुमाराला त्या लहानशा निळ्या जीवानं एक झटका दिला, सरळ झाला आणि धुऊन आत ठेवलेल्या नळाच्या पाइपात शिरला. पंडितजी इतक्या मोठ्यानं "जय हो!" ओरडले की वरच्या मजल्यावरचे खाली आले.

तेवढ्यात दार उघडलं. वसुधा शाजापूरला गाडीतून उतरली होती. तिथून बसनं उज्जैनच्या देवास गेट स्टँडवर, तिथून ऑटो. बहिणीला तिनं फोनवर सांगितलं होतं, "तुझ्यापाशी डॉक्टर आहेत. माशापाशी हे आहेत."

माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. डब्यापाशी बसली आणि बोटाच्या टोकावर चिमूटभर खाणं घेऊन पाण्यात सोडलं. पाहुणा पाइपातून बाहेर आला. थांबला. आणि खाल्लं! वसुधा रडायला लागली. मी पण रडलो. पंडितजी तर आधीपासूनच रडत होते.

"आता?" मी हळूच विचारलं.

"आता पुन्हा पहिल्या दिवसापासून," ती डोळे पुसत म्हणाली. "महिनाभर वेगळा. आणि तुम्हीपण. टाकीपासून चार फूट लांब."

परवा पाहुण्याचा महिना संपला. एकही ठिपका नाही! तो दिमाखात मोठ्या टाकीत गेला आणि बंडोपंत पहिल्यांदाच माझ्यादेखत प्रवाळातून बाहेर आले. मी चार फुटांवरून टाळ्या वाजवल्या. मग धीर करून विचारलं, "माझी मुदत?"

वसुधानं वही पुढं केली. शेवटच्या पानावर माझं नाव होतं आणि खाली तिच्या सुबक अक्षरात नोंद: "भूक उत्तम. रंग ठीक. हालचाल मंद. अक्कल अद्याप दिसलेली नाही. मुदत वाढवली."