हातमागे आजोबा

ईरा, नील, या सुट्टीत बाबा तुम्हाला युटाच्या लाल खडकांत नेणार आहेत. मला आता तेवढं चालवत नाही, म्हणून तुमची ही आजी वेस्ट विंडसरच्या घरी बसून लिहिते आहे. तिथे पोहोचण्याआधी आजोबा तुम्हाला नीट माहीत असावेत. मागच्या वेळी तुम्ही फार लहान होतात.

खडकावरची प्राचीन चित्रं दिसली, की आजोबा हात मागे बांधत. आमचे लोक त्यांना ‘हातमागे’ म्हणून चिडवत. त्यांचं उत्तर ठरलेलं असे, "देवळात हात लावून लावून देवांची नाकं झिजवली आपण. इथे तरी नको."

बूटही ते लांबच काढत आणि तापलेल्या वाळूत मोज्यांवर उभे राहत. एकदा माझी ताई पर्समधून कुंकवाची डबी काढून पुढे सरसावली. "अहो ताई, डबी आत!" आजोबा ओरडले. "नाहीतर संशोधक त्या कुंकवावरून भांडत बसतील!" ताईने हसत लांबूनच नमस्कार केला.

पुढे त्यांची नजर गेली. माणसाचा चेहरा दिसेना, कडेचं तेवढं अंधुक कळे. तरी म्हणाले, "एकदा मेंढीला भेटवा." खडकावर दगडाने ठोकून कोरलेली ती मेंढी मान वळवून मागे राहिलेल्या पिलाकडे पाहते. त्यांची सर्वांत लाडकी.

तुमच्या बाबांनी त्यांना कोपराला धरून नेलं. आजोबा खडकासमोर मान इकडे तिकडे करून पाहत राहिले. "काहीच नाही रे."

"बाबा, हात लावून बघा ना. कोरलेलं आहे, बोटांना कळेल. कोणी नाहीये इथे," तुमचे बाबा म्हणाले.

आजोबांचा उजवा हात उठला. खडकापासून वीतभर अंतरावर थांबला. मग त्यांनी तो मागे नेला आणि डाव्या हाताने घट्ट धरून ठेवला.

"मला दिसत नाही, म्हणून तिनं का झिजायचं?"

मी तोंड फिरवलं. तेव्हा ईरा, तू त्यांच्या शर्टाचं टोक ओढलंस. "आजोबा, शी इज लुकिंग बॅक. बेबी इज कमिंग."

"येतंय ना?" त्यांनी विचारलं. डोळे वाहत होते. "मग ठीक आहे."

त्याच हिवाळ्यात ते गेले.

मेंढी तिथेच आहे, पिलाकडे पाहत. तिच्यावर आजोबांचं एकही बोट उमटलेलं नाही.